जुन्या प्रोग्रामला वेगळी खोली द्या, पण तिला दार ठेवा

प्रिय विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त मंडळी,



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी नियमित दुरुस्त्या देणे थांबवले. त्यामुळे आपल्या शाळेतील संगणक बदलण्याचा विषय विश्वस्त मंडळापुढे आला आणि मंजूरही झाला. नवी यंत्रे येणार, याचा सर्वांप्रमाणे आम्हालाही आनंद आहे. पण त्याच बैठकीत एक लहानसा वाटणारा प्रश्न निघाला आणि त्यावर एकमत होऊ शकले नाही. कार्यालयाच्या कोपऱ्यात विंडोज एक्सपीचा जो जुना संगणक आहे, त्याचे काय करायचे? काहींचे म्हणणे पडले, भंगारात द्या. काहींचे म्हणणे, चालतो आहे तोवर हात लावू नका. त्या दिवशी वेळ थोडा होता, म्हणून आमचे मत आम्ही या पानावर सविस्तर मांडत आहोत. निर्णय मंडळाचाच राहील. पण तो घेताना त्या पेटीत काय आहे आणि ते कसे चालते, हे सर्वांना ठाऊक असावे.

त्या संगणकावर निकालाचा एक प्रोग्राम आहे. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने तो विंडोज ३.१ च्या काळात, व्हिज्युअल बेसिक ३ मध्ये, एक पैसाही न घेता लिहून दिला होता. पुढे बरीच वर्षे शाळेचे निकाल त्यातच तयार झाले. दहावी-बारावीची अंकसूची मंडळाची असते, ती तिकडून मिळते. पण बाकीच्या वर्गांचे विषयवार गुण, कोणी कोणती भाषा घेतली, कोण कधी आले नि कधी गेले, हे सारे शाळेच्याच दप्तरात असते. कागदी रजिस्टर आहेत, परंतु एका पावसाळ्यात कपाटात पाणी शिरले आणि त्यातली काही पाने एकमेकांना चिकटून गेली. त्या वर्षांपुरता हा प्रोग्राम हेच आपले रजिस्टर आहे.

दरवर्षी जून-जुलैत कोणी ना कोणी माजी विद्यार्थी दारात उभा राहतो. कुणाला पारपत्रासाठी जन्मतारखेचा दाखला हवा असतो. कुणाला महाराष्ट्रात नोकरीसाठी मराठी विषय घेऊन शिकल्याचे प्रमाणपत्र हवे असते. कुणाच्या टी.सी.ची प्रत हरवलेली असते. इंदूरमध्ये राहून मराठी शिकलो, हे सांगायला त्या माणसाकडे दुसरा कागद नसतो. शाळेने "तुमची नोंद सापडत नाही" म्हटले, तर त्याने जायचे कुठे? म्हणून हा प्रश्न एका जुन्या यंत्राचा नाही. शाळेने दिलेल्या शब्दाचा आहे.

आता विद्यार्थी विचारतील, प्रोग्राम चांगला आहे तर नव्या संगणकावर टाकला की झाले! इथेच खरी गोष्ट आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, संगणक आम्ही नोकरीत आल्यावर शिकलो. तेव्हा अवघड शब्द टाळून, शाळेतल्याच उदाहरणांनी सांगतो.

विंडोज ३.१ हे १९९२ सालचे. त्यात एकाच वेळी अनेक प्रोग्राम उघडता येत असत, पण सारे एकाच दालनात बसत. मेमरीची जागा सर्वांची सामाईक. आणि पाळी कशी मिळायची? स्नेहसंमेलनात माईक एकच असतो, तसे. एक वक्ता बोलून झाले की माईक खाली ठेवतो, मग दुसरा उचलतो. प्रत्येकाने समजूतदारपणे माईक सोडला तर कार्यक्रम छान होतो. पण एखाद्याने माईक सोडलाच नाही, तर बाकीचे नुसते बसून राहतात. त्या काळी एक प्रोग्राम हँग झाला की सगळा संगणकच थिजल्यासारखा होई, त्याचे कारण हे. शिवाय दालन एकच, म्हणून एका प्रोग्रामने चुकून दुसऱ्याच्या वहीत लिहिले, तर त्याला अडवणारी भिंत नव्हती.

१९९३ साली विंडोज एन.टी. आले. ते घडवणाऱ्या चमूचे प्रमुख डेव्ह कटलर हे मोठ्या, गंभीर कामाच्या संगणकांच्या जगातून आलेले होते. एन.टी.मध्ये माईकची पद्धत गेली आणि घंटेची पद्धत आली. तास संपला, घंटा झाली, की शिक्षकांचे शिकवून झालेले असो वा नसो, त्यांना वर्ग सोडावाच लागतो. तसे इथे प्रणाली स्वतः ठरावीक वेळाने पाळी काढून घेते. आणि प्रत्येक प्रोग्रामला स्वतःची खोली मिळाली. एकाच्या खोलीतून दुसऱ्याच्या खोलीतले काही दिसत नाही. अशा खोलीत चालणाऱ्या कामाला संगणकाच्या भाषेत प्रोसेस म्हणतात.

पण मग आधीच्या जुन्या प्रोग्रामांचे काय? लोकांनी पैसे देऊन घेतलेले, कष्टाने लिहिलेले हजारो प्रोग्राम १६ बिटांचे होते, आणि एन.टी. ३२ बिटांची. जुने चालत नाही म्हटले असते तर नवी प्रणाली कोणी घेतलीच नसती. म्हणून एन.टी.च्या आत एक खास खोली बांधली गेली. तिचे नाव एन.टी.व्ही.डी.एम. त्या खोलीत गेले की जुन्या प्रोग्रामला वाटते, आपण अजून आपल्याच जुन्या संगणकावर आहोत. आतून सगळे जुने, बाहेरून मात्र ती खोली इतर प्रोसेसांसारखीच एक प्रोसेस. बाहेरची घंटा तिलाही लागू.

यात एक बारकावा आहे, आणि आपल्या कार्यालयाचा संबंध त्याच्याशीच येतो. डॉसच्या प्रत्येक प्रोग्रामला अशी एकेक स्वतंत्र खोली मिळत असे. विंडोजच्या जुन्या प्रोग्रामांना मात्र, न सांगता, सर्वांना मिळून एकच खोली मिळे. आत ते पूर्वीसारखेच माईक फिरवत बसत. त्यातला एक अडला की खोलीतले सारे जुने अडत. नवे प्रोग्राम मात्र बाहेर सुखरूप चालत. असे का ठेवले? दोन कारणे होती. एक म्हणजे जागा. एन.टी.च्या पहिल्या आवृत्तीलाच किमान १२ मेगाबाइट मेमरी लागे, आणि त्या काळी तेवढी मेमरी म्हणजे चैन होती. प्रत्येक जुन्याला वेगळी खोली म्हणजे प्रत्येकाला वेगळे सामान. दुसरे कारण म्हणजे सवय. काही जुने प्रोग्राम एकमेकांच्या वहीत सरळ डोकावून काम करीत. भिंत घातली तर त्यांचे कामच थांबे.

१९९४ च्या एन.टी. ३.५ पासून मात्र हवे तर जुन्या प्रोग्रामलाही स्वतंत्र खोली देण्याची सोय झाली. "वेगळ्या मेमरीत चालवा" अशा अर्थाची एक चौकट असे, तिच्यात खूण करायची. हा विचार एकट्या मायक्रोसॉफ्टचा होता असे नाही. आय.बी.एम.च्या ओ.एस./२ च्या दुसऱ्या आवृत्तीत १९९२ सालीच डॉसचे प्रोग्राम आपापल्या स्वतंत्र खोल्यांत चालत. उलट, घरोघरी पोहोचलेल्या विंडोज ९५ मध्ये विंडोजचे सारे जुने प्रोग्राम एकाच सामाईक जागेत बसत आणि वेगळ्या खोलीची सोय नव्हती. २००१ साली एक्सपी आली ती एन.टी.च्या घराण्यातली, म्हणून ती चौकट तिच्यासोबत आली.

आपल्या कार्यालयात एक्सपीवर दोन जुने प्रोग्राम होते. एक निकालाचा आणि दुसरा ग्रंथालयाच्या पुस्तकांचा, बाहेरून विकत घेतलेला. ग्रंथालयाचा प्रोग्राम वरचेवर अडे, आणि अडला की निकालाचाही अडे. मार्च-एप्रिलमध्ये, अंकसूच्या छापण्याच्या ऐन घाईत, काकू पुस्तक परत घेत असत आणि इकडे बाबूंची अर्धी भरलेली यादी जात असे. दोघांत थोडी बोलाचालीही होई! अखेर संगणकाच्या सरांनी निकालाच्या प्रोग्रामच्या शॉर्टकटमध्ये ती एक खूण केली. त्या दिवसापासून ग्रंथालयाचा प्रोग्राम अडला तरी निकाल सुरू राहिला. नवे यंत्र घेतले नाही, प्रोग्रामची एक ओळ बदलली नाही, खर्च शून्य. फक्त दोघांना वेगळ्या खोल्या दिल्या.

आमचे मत या अनुभवावर उभे आहे. जुन्या वस्तूविषयी आपल्याकडे दोनच टोकाच्या भूमिका घेतल्या जातात. एक तर "जुने ते सोने" म्हणून ती मधोमध ठेवायची आणि तिच्या अडण्याने साऱ्या घराने अडायचे. नाही तर "काळ बदलला" म्हणून एक दिवस ती भंगारवाल्याला द्यायची. ज्यांनी एन.टी. घडवली त्यांनी तिसरा मार्ग काढला. जुन्याला त्याच्या सवयींसह राहू द्या, पण त्याच्या खोलीत. त्याला बदला म्हणू नका, आणि त्याच्यासाठी बाकीच्यांना थांबवूही नका. मध्ये भिंत घाला. हा मार्ग आम्हाला शहाणपणाचा वाटतो.

मात्र एवढ्यावर थांबलो तर अर्धेच खरे सांगितल्यासारखे होईल. "चालतो आहे तोवर हात लावू नका" म्हणणाऱ्यांना आम्ही आदरपूर्वक तीन गोष्टी सांगू इच्छितो.

पहिली गोष्ट. ही भिंत धडपडीपासून वाचवते, चोरापासून नाही. जानेवारी २०१० मध्ये टॅव्हिस ऑर्मंडी या गूगलमधील सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले, की एन.टी.व्ही.डी.एम.च्या याच यंत्रणेत एक फट आहे. त्या फटीतून यंत्रावरचा साधा वापरकर्ता सर्वाधिकार मिळवू शकत होता. ती फट १९९३ च्या पहिल्या एन.टी.पासूनच होती! सुमारे सतरा वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती. फेब्रुवारी २०१० मध्ये तिची दुरुस्ती आली. एक्सपीला मात्र ८ एप्रिल २०१४ नंतर नियमित दुरुस्त्या मिळतच नाहीत. उद्या तशीच दुसरी फट सापडली तर ती बुजवायला कोणी येणार नाही.

दुसरी गोष्ट. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेच्या वर देशांतील संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांनाही त्याचा मोठा फटका बसला. तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेटवर्कमधून आपोआप पसरत असे, आणि त्याने ती यंत्रे गाठली जिथे दुरुस्ती बसवलेली नव्हती. मायक्रोसॉफ्टला तेव्हा आधार संपलेल्या एक्सपीसाठीही अपवाद म्हणून तातडीची दुरुस्ती काढावी लागली. आपला कोपऱ्यातला संगणक छपाईच्या सोयीसाठी आजही शाळेच्या नेटवर्कला जोडलेला आहे. म्हणजे जुन्या पाहुण्याला आपण खोली दिली, पण तिचे मागचे दार रस्त्यावर उघडे आहे.

तिसरी गोष्ट. यंत्राचेही आयुष्य असते. एक दिवस त्याची हार्ड डिस्क चालणार नाही. त्या दिवशी भिंत, खोली, चौकट, कशाचाच उपयोग होणार नाही. एक्सपी चालवील असा नवा संगणक आज दुकानात मिळत नाही.

बरे, तो प्रोग्राम नव्या यंत्रावर चालेल का? सरळ टाकून चालणार नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटांत येते, आणि ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ती जुनी खोली नाही. १९८५ च्या ८०३८६ या प्रोसेसरपासून जुन्या ८०८६ चे सोंग घेण्याची एक सोय प्रोसेसरातच असे, आणि डॉसची खोली तिच्या आधारावर उभी होती. प्रोसेसर ६४ बिटांच्या अवस्थेत चालू असताना ती सोय मिळत नाही. विंडोजच्या १६ बिटी प्रोग्रामांसाठीचा थरही मायक्रोसॉफ्टने ६४ बिटांच्या आवृत्तीत आणला नाही. विंडोज १० च्या ३२ बिटी आवृत्तीपर्यंत ही खोली मागितली तर मिळत होती. आता तो वाडाच पाडला गेला आहे.

पण खोली नवी बांधता येते. डॉसबॉक्स नावाचा एक विनामूल्य प्रोग्राम २००२ पासून आहे. तो जुना संगणक, अगदी त्याच्या प्रोसेसरासकट, नक्कल करून उभा करतो. त्यात आपल्याकडच्या जुन्या फ्लॉपींवरून विंडोज ३.१ बसवले, की निकालाचा प्रोग्राम त्यात राहू शकतो. दुसरा उपाय आभासी यंत्राचा, म्हणजे नव्या संगणकाच्या आत एक संपूर्ण जुना संगणक फाइलीच्या रूपात ठेवायचा. २००९ च्या विंडोज ७ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःच व्यावसायिक आवृत्त्यांसाठी एक्सपी मोड या नावाने अशी सोय दिली होती. या नव्या खोलीच्या भिंती जुन्या खोलीपेक्षा जाड असतात. तिला नेटवर्क द्यायचे की नाही, हे आपल्या हातात असते. आणि सगळ्यात मोठा लाभ असा, की ती खोली म्हणजे शेवटी एक फाइल किंवा फोल्डर. तिच्या तीन प्रती करून एक शाळेत, एक बँकेच्या लॉकरात आणि एक विश्वस्तांकडे ठेवता येते. कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीची प्रत करता येत नाही.

आता भंगारवाल्या मताकडे वळू. त्या बाजूने एक व्यवहारी सूचना आली होती. बाजारात टाइपिंगवाले पुष्कळ आहेत. सगळ्या याद्या छापून त्यांना द्या, आठ दिवसांत एक्सेलमध्ये करून देतील, मग यंत्र फेकून द्या. स्वस्त आहे, लवकर होणारे आहे. तरी आम्ही तिला विरोध करतो, आणि विरोधाचे कारण एका अक्षरात सांगता येते: ळ.

आपले शहर हिंदीचे आहे आणि हिंदीशी आमचे भांडण नाही. तिच्याच आधाराने आम्ही पदवीधर झालो. पण प्रमाण हिंदीच्या रोजच्या लिखाणात ळ येत नाही. घाईत टंकणाऱ्या हाताला काळे दिसले तर तो काले लिहितो, गोळे असेल तर गोले, माळी असेल तर माली. त्याचा त्यात दोषही नाही. कऱ्हाडकर, कुऱ्हाडे यांतला अर्धा ऱ तर त्याने पाहिलेलाच नसतो. त्याचा कधी र्हा होतो, कधी नुसता रहा. आमच्या स्वतःच्या पदवी प्रमाणपत्रावर आडनावातला ळ असाच ल होऊन आला. अर्ज केले, फेऱ्या मारल्या, आणि तो आजही ल च आहे. नोकरीत, बँकेत, सगळीकडे दोन आडनावांचा एकच माणूस असल्याचे शपथपत्र लावत आम्ही तीस वर्षे काढली. शाळेतून गेलेल्या शेकडो मुलांना तीच शिक्षा आपण आपल्या हाताने का द्यावी? निकालाच्या त्या जुन्या प्रोग्राममध्ये मात्र ळ आहे. लिहिणारा मुलगा आपलाच होता, त्याने तो जपून ठेवला.

मग नावे बाहेर काढायची कशी? इथे एक तांत्रिक अडचण आहे, आणि पालकांपैकी जे या क्षेत्रात आहेत त्यांची मदत आम्हाला लागणार आहे. त्या काळी देवनागरीसाठी भारतीय मानक होते, इस्की, १९९१ चे. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची आणि तिच्यात देवनागरी होती. पण साध्या विंडोजवर युनिकोडमधली देवनागरी नीट दिसू लागली ती विंडोज २००० पासून. मधल्या काळात बहुतेकांनी फॉन्टचा मार्ग धरला. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने आत रोमन अक्षरे आणि चिन्हे, आणि वरून मराठी आकारांचा मुखवटा. तो फॉन्ट काढला की काळे हे नाव निरर्थक रोमन अक्षरांची ओळ होते. आपला प्रोग्राम त्याच काळचा. त्यातली नावे नुसती कॉपी करून नव्या यंत्रावर नेली, तर तोच प्रकार होईल.

उपाय आहे. त्या फॉन्टमधले कोणते चिन्ह म्हणजे कोणते अक्षर, याची एक तक्ता-सूची करायची आणि तिच्या आधाराने सारी नावे युनिकोडमध्ये आणायची. युनिकोडमध्ये ळ ला स्वतंत्र जागा आहे, आणि कऱ्हाडकरांच्या त्या ऱ लाही आहे. तक्ता एकदा बरोबर केला की मशीन थकत नाही आणि ळ चा ल करत नाही. पण तक्ता बरोबर आहे की नाही हे पडताळायला मूळ प्रोग्राम शेजारी चालता हवा. जुन्या पडद्यावर नाव बघायचे, नव्या यादीत बघायचे, दोन्ही जुळले की पुढे जायचे. म्हणून आम्ही म्हणतो, काम पुरे होण्याआधी जुन्याला फेकू नका. तो साक्षीदार आहे.

आणि म्हणूनच शीर्षकात आम्ही दाराचा उल्लेख केला आहे. एन.टी.च्या वेगळ्या खोलीतल्या प्रोग्रामांनाही बाहेरच्यांशी बोलता येत असे, पण ठरवून दिलेल्या मार्गानेच. क्लिपबोर्डवर ठेवून दुसऱ्याने उचलायचे, तसे. भिंतीतून कोणी हात घालायचा नाही, पण दारातून देवाणघेवाण करायची. दार नसलेली खोली म्हणजे कोठडी. तिच्यात ठेवलेली वस्तू सुरक्षित राहते, पण कोणाच्या कामाची राहत नाही, आणि हळूहळू ती तिथे आहे हेही लोक विसरतात. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको. मराठी आपण जपली ती घरातल्या आणि शाळेतल्या वेगळ्या खोलीत, आणि त्यामुळेच ती टिकली. पण ज्या घरांनी दार बंद करून घेतले, जिथे मराठी फक्त गणपतीतल्या आरतीपुरती उरली, तिथे पुढची पिढी ती वाचू शकत नाही, हेही आपण पाहतो आहोत. जपणे आणि चालू ठेवणे, दोन्ही लागते.

तेव्हा आमचा प्रस्ताव असा.

विश्वस्त मंडळीस विनंती, की जुना संगणक आजच्या आज नेटवर्कपासून तोडण्याची अनुमती द्यावी. छपाई काही दिवस अडेल, ते आम्ही सांभाळून घेऊ. त्याच्या हार्ड डिस्कची संपूर्ण प्रत या महिन्यातच करून घ्यावी, आणि नव्या यंत्रांपैकी एकावर निकालाच्या प्रोग्रामसाठी वेगळी, नेटवर्क नसलेली आभासी खोली बांधावी. त्या खोलीला मुदत असावी. पुढच्या शैक्षणिक सत्राच्या अखेरपर्यंत सर्व नोंदी युनिकोडमध्ये येऊन, कागदावर छापून, रजिस्टरप्रमाणे शिलाई करून ठेवल्या जाव्यात. मुदत न घातलेले तात्पुरते काम किती वर्षे तात्पुरते राहते, हे आपण सर्व जाणतो. त्यानंतर ती लोखंडी पेटी खुशाल भंगारात द्यावी. मात्र आधी आतली डिस्क काढून नष्ट करावी. तिच्यात मुलांची माहिती आहे.

पालकांपैकी ज्यांनी जुन्या फॉन्टांवर किंवा जुन्या डेटाबेसवर काम केले असेल, त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. आठवड्यातून दोन तास पुरे होतील. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाकडे विंडोज ३.१ च्या मूळ फ्लॉपी अजून जपून ठेवलेल्या असतील, तर त्याही पाहिजेत. आपल्याकडच्या वाचता आल्या नाहीत तर कामाला येतील.

आणि अकरावी-बारावीच्या संगणकाच्या विद्यार्थ्यांनो, तक्त्याचे काम तुम्ही करायचे आहे. तुम्हाला कोणाचे गुण दाखवले जाणार नाहीत. फक्त आडनावांची वर्णानुक्रमाने यादी मिळेल. ती घरी न्या आणि आजी-आजोबांपुढे वाचा. कोणते आडनाव कसे लिहायचे, कुठे ळ, कुठे ल, कुठे अर्धा ऱ, हे त्यांच्याइतके अचूक कोणताही प्रोग्राम सांगणार नाही. शंका असेल तिथे पेन्सिलीने खूण करा, खोडू नका. यादीचा पहिला भाग सोमवारपासून संगणक कक्षात मिळेल.

आपला/आपली मते लेखी कळवावीत, ही सर्वांस विनंती. विरोधी असली तरी चालतील. बैठकीपूर्वी आली तर अधिक बरे.

— प्राचार्य